अंधाराच्या काही सेकंदांचा इतिहास : जहाजावरील वीज एका स्रोतावरून दुसऱ्यावर कशी जाते?

धक्क्याला लागलेले जहाज वीज किनाऱ्यावरून घेते. निघण्याची वेळ झाली की स्वतःचे जनरेटर सुरू करते आणि किनाऱ्याची केबल सोडून देते. समुद्रात असताना एक जनरेटर बंद पडला तर दुसऱ्याने भार उचलायचा असतो, आणि सगळेच बंद पडले तर वरच्या डेकवरील आपत्कालीन जनरेटरने. अशा प्रत्येक बदलात एक क्षण असा येतो, की जुना स्रोत सुटलेला असतो आणि नवा अजून जोडलेला नसतो. घरात असा क्षण आला तर दिवा लुकलुकतो, पंखा मंदावतो, एवढेच. शहरातल्या गृहसंकुलांत आणि रुग्णालयांत वीज गेल्यावर जनरेटरवर नेणारा चेंजओव्हर स्विच भारनियमनाच्या दिवसांपासून सर्वांच्या परिचयाचा आहे. जहाजावर मात्र त्याच क्षणी सुकाणूचा पंप थांबतो, मुख्य इंजिनाला थंड पाणी पुरवणारा पंप थांबतो, आणि हजारो टनांचे धूड स्वतःच्या वेगाने पुढे सरकतच राहते.

हा बदल कोणी करायचा, माणसाने की यंत्राने, आणि किती सेकंदांत, या प्रश्नाला जवळपास दीडशे वर्षांचा इतिहास आहे. भारताची बंदरे किनाऱ्यावरील वीज जहाजांना पुरवण्याच्या दिशेने निघाली आहेत, आणि केरळच्या जलमार्गांवर बॅटरीच्या बोटी धावू लागल्या आहेत. त्यामुळे हा इतिहास आता केवळ परदेशी जहाजांचा राहिलेला नाही.

कारभाऱ्याच्या हातातील किल्ली

1880 च्या मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये ‘कोलंबिया’ या नव्या वाफेच्या जहाजावर थॉमस एडिसन यांच्या कारखान्यातील विजेचे दिवे लागले. मेन्लो पार्कच्या प्रयोगशाळेबाहेर एडिसन यांच्या दिव्यांची झालेली ही पहिली व्यावसायिक जोडणी होय. हेन्री व्हिलार्ड या उद्योजकाने तिचा आग्रह धरला होता. जहाजावर चार डायनॅमो बसवले होते. त्यांपैकी एक बाकीच्यांच्या चुंबकांना ऊर्जा देण्यासाठी राखलेला होता. दिवे सव्वाशेच्या आसपास होते. खोलीतील दिवा लावण्याचा अधिकार प्रवाशाला नव्हता. बाहेरच्या बाजूस कुलूपबंद लाकडी पेटी असे, आणि ती उघडून कारभारी दिवा लावी किंवा विझवी.

त्या काळी जहाजावरील वीज ही चैन होती. ती गेली तर तेलाचे कंदील होतेच. सुकाणू वाफेवर चालत असे, पंपही वाफेवर चालत. दुसऱ्या स्रोताचा विचार करण्याची निकड नव्हती. ती निर्माण झाली, ती विजेवर अवलंबून राहणारी कामे वाढत गेली तशी: बिनतारी संदेश, नौका खाली सोडण्याच्या विंच, दिशादर्शक दिवे, वायुवीजन.

‘टायटॅनिक’चे दिवे

1912 मध्ये ‘टायटॅनिक’वर प्रत्येकी 400 किलोवॅटचे चार मुख्य जनित्र-संच होते. ते 100 व्होल्टचा दिष्ट प्रवाह देत. शिवाय प्रत्येकी 30 किलोवॅटचे दोन आपत्कालीन संच जलरेषेच्या वरच्या डेकवर ठेवलेले होते. त्यांच्यापासून निघणाऱ्या स्वतंत्र तारा जहाजभर पसरलेल्या सुमारे 500 दिव्यांपर्यंत जात. नौकांच्या विंच, डोलकाठीवरील दिवे आणि मार्कोनी यंत्रणा यांच्यासाठी चेंजओव्हर स्विच बसवलेले होते, म्हणजे मुख्य पुरवठा गेला तर ही कामे आपत्कालीन पुरवठ्यावर नेता येत. दोन स्रोत, दोन वाटा आणि मध्ये एक स्विच, ही रचना त्या काळाच्या मानाने पुढारलेली होती.

तिच्यात दोन उणिवा होत्या. हा बदल करण्यासाठी माणसाने तेथे हजर असणे आवश्यक होते. दुसरी उणीव अधिक खोल होती. आपत्कालीन संचदेखील वाफेवरच चालत आणि ती वाफ जहाजाच्या तळाशी असलेल्या बॉयलरमधूनच येई. पाणी बॉयलरपर्यंत पोहोचले की मुख्य आणि आपत्कालीन असा भेद आपोआप मिटणार होता. 15 एप्रिलच्या पहाटे 2 वाजून 20 मिनिटांनी जहाज बुडाले. त्याच्या अगदी दोन-तीन मिनिटे आधीपर्यंत दिवे जळत होते. ते जळत राहावेत म्हणून अभियंते आणि विद्युत तंत्रज्ञ खालीच थांबले. त्यांच्यापैकी एकही वाचला नाही. त्या उजेडामुळे नौका खाली सोडता आल्या आणि मदतीचे संदेश जात राहिले. मात्र दिवे चालू ठेवण्यासाठी माणसांना तळाशी बांधून ठेवणारी व्यवस्था पुरेशी नाही, हेही त्या रात्रीने दाखवून दिले.

समुद्रावरील जीवितसुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार 1914 मध्ये झाला. पुढे 1929, 1948, 1960 आणि 1974 अशा त्याच्या आवृत्त्या येत गेल्या. आज लागू असलेल्या नियमांत ‘टायटॅनिक’च्या दोन्ही उणिवांची उत्तरे सापडतात. आपत्कालीन स्रोत सर्वांत वरच्या सलग डेकच्या वर असावा. त्याचे इंधन, त्याची सुरू होण्याची व्यवस्था आणि त्याचा स्विचबोर्ड यंत्रशाळेपासून संपूर्णपणे स्वतंत्र असावेत. मुख्य पुरवठा गेल्यावर आपत्कालीन जनरेटर आपणहून सुरू व्हावा आणि 45 सेकंदांच्या आत आवश्यक भार उचलावा. प्रवासी जहाजांवर हा पुरवठा 36 तास आणि मालवाहू जहाजांवर 18 तास टिकला पाहिजे. प्रवासी जहाजांवर त्या मधल्या सेकंदांसाठीही बॅटरी लागते, कारण अंधारात घाबरलेल्या गर्दीला 45 सेकंददेखील फार मोठे असतात.

प्रत्यावर्ती प्रवाहाची अट

जमिनीवर प्रत्यावर्ती प्रवाह, म्हणजेच एसी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जिंकला. जहाजांवर मात्र दिष्ट प्रवाह, म्हणजे डीसी, पुढे कित्येक दशके टिकून राहिला. मालाच्या विंचचा वेग कमी-जास्त करणे डीसी मोटारीला सोपे जाई, आणि दोन डीसी जनरेटर एकत्र जोडणेही तुलनेने सरळ होते: व्होल्टेज जुळले की काम झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर जहाजांची विजेची भूक वाढली. हलक्या, स्वस्त आणि कमी देखभालीच्या एसी मोटारी हव्याशा वाटू लागल्या, आणि व्यापारी जहाजेही एसीकडे वळली.

त्याबरोबर स्रोत बदलण्याचे शास्त्र कठीण झाले. एसी विजेचा दाब सतत वरखाली होत असतो; भारतातील 50 हर्ट्‌झच्या पुरवठ्यात एका आवर्तनाला 20 मिलिसेकंद लागतात. दोन एसी स्रोत एकत्र जोडायचे तर केवळ व्होल्टेज जुळून भागत नाही. वारंवारता जुळली पाहिजे, तीन फेजांचा क्रम तोच असला पाहिजे, आणि दोन्ही लाटा त्या घडीला एकाच टप्प्यावर असल्या पाहिजेत. एक लाट शिखरावर आणि दुसरी तळाशी असताना ब्रेकर लावला, तर त्याच्या दोन टोकांमध्ये दुप्पट दाब असतो. जनरेटरच्या दांड्याला असा हिसका बसतो की तो पिळवटून जाऊ शकतो. म्हणून स्विचबोर्डवर दिवे लावलेले असत. दोन स्रोतांमधील फरकाप्रमाणे ते उजळत आणि मंद होत, आणि ते पूर्ण विझलेले असताना अभियंता ब्रेकर लावी. पुढे काट्याचे यंत्र आले. काटा हळूहळू फिरत बाराच्या आकड्याजवळ येतो, तो क्षण साधणे ही हाताची आणि नजरेची कसोटी असे.

जेथे एकत्र जोडणे टाळता येते तेथे सोपा मार्ग आहे: आधीचा स्रोत पूर्णपणे तोडायचा आणि मगच दुसरा जोडायचा. स्वयंचलित चेंजओव्हरचा गाभा एवढाच आहे. एक रिले मुख्य पुरवठ्याच्या दाबावर नजर ठेवतो. दाब ठरलेल्या मर्यादेखाली गेला तरी तो लगेच घाई करीत नाही, कारण एखादी मोठी मोटार सुरू होतानाही दाब क्षणभर बसतो. थोडा वेळ थांबून खात्री पटली की तो पुरवठा तोडतो, जनरेटरला सुरू होण्याची आज्ञा देतो, त्याचा दाब आणि वारंवारता स्थिरावेपर्यंत पुन्हा थांबतो आणि मग भार त्याच्यावर टाकतो. दोन्ही ब्रेकरांमध्ये यांत्रिक अडसर असतो, त्यामुळे विद्युत मंडल बिघडले तरी दोन्ही एकाच वेळी लागू शकत नाहीत. मुख्य पुरवठा परतल्यावरही यंत्र लगेच मागे फिरत नाही; आलेली वीज टिकते की नाही हे पाहण्यासाठी वाट पाहते. केव्हा थांबायचे, हे या यंत्राला केव्हा धावायचे याइतकेच नेमके ठाऊक असावे लागते.

लहान बोटीची वेगळी अडचण

लहान बोटींवर स्रोत तीन असतात: धक्क्यावरील वीज, बोटीवरचा जनरेटर, आणि बॅटरीपासून 230 व्होल्टची वीज तयार करणारा इन्व्हर्टर. त्यांचा अग्रक्रम बहुधा याच ओळीत ठरवलेला असतो. येथे आणखी एक बारकावा येतो, तो न्यूट्रलचा. धक्क्यावरून वीज येत असेल तेव्हा न्यूट्रल आणि अर्थिंग यांची गाठ किनाऱ्यावरच घातलेली असते. बोटीवरील जनरेटर किंवा इन्व्हर्टर चालू असेल तेव्हा ती गाठ बोटीवर, त्या स्रोतापाशी असावी लागते. दोन्हीकडे गाठ राहिली तर परतणारा प्रवाह न्यूट्रलऐवजी अर्थिंगच्या तारेतून आणि बोटीच्या धातूतून पाण्यात वाट शोधतो. त्यामुळे बोटीचे धातूचे भाग गंजतात, ही त्यातली लहान हानी. गोड्या पाण्यात पोहणाऱ्या माणसाचे शरीर पाण्यापेक्षा चांगले वाहक ठरते आणि प्रवाह त्याच्यातून जाऊ शकतो, ही मोठी. म्हणून बोटीवरचा चेंजओव्हर केवळ फेज बदलून थांबत नाही. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो आणि गाठीची जागाही बदलतो. घरगुती पद्धतीचा स्विच बोटीवर बसवणे म्हणूनच धोक्याचे असते. नद्या, बॅकवॉटर आणि तलाव यांवर वातानुकूलित बोटी वाढत असलेल्या देशात ही बाब प्रत्येक बोटमालकाला माहीत असायला हवी.

बाल्टिमोरची रात्र

26 मार्च 2024 रोजी पहाटे अमेरिकेतील बाल्टिमोर बंदरातून ‘डाली’ हे जवळपास 300 मीटर लांबीचे कंटेनर जहाज बाहेर निघाले. जहाजावरील 21 खलाशांपैकी 20 भारतीय होते. फ्रान्सिस स्कॉट की पुलापासून सुमारे एक किलोमीटरवर असताना जहाजावरचे दिवे गेले. उच्च दाबाची वीज 440 व्होल्टवर आणणाऱ्या रोहित्राचे ब्रेकर अचानक उघडले होते. पंप थांबले, आणि पाण्याचा दाब गेल्यामुळे मुख्य इंजिन स्वतःच्या रक्षणासाठी आपोआप बंद पडले. खलाशांनी हाताने ब्रेकर लावून वीज परत आणली. तोच थोड्या वेळाने जनरेटरच बंद पडले आणि पुन्हा अंधार झाला. 1 वाजून 29 मिनिटांच्या सुमारास जहाज पुलाच्या खांबावर आदळले आणि पूल कोसळला. पुलावर रस्तादुरुस्ती करणारे सहा कामगार मृत्युमुखी पडले. जहाजावरून वेळेत गेलेल्या इशाऱ्यामुळे पोलिसांना पुलावरची वाहतूक अडवता आली, अन्यथा मृतांचा आकडा वाढला असता.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने केलेल्या तपासाचा निष्कर्ष नोव्हेंबर 2025 मध्ये पुढे आला. पहिल्या अंधाराचे मूळ एका सैल तारेत होते. तारेवर क्रमांकाची पट्टी अशा जागी बसवली होती की तारेचे टोक जोडणीत पूर्णपणे शिरलेच नव्हते. संपर्क तुटताच ब्रेकर उघडला. दुसऱ्या अंधाराचे कारण इंधनात सापडले. जनरेटरना इंधन देण्यासाठी वापरात असलेला पंप वीज गेल्यावर आपोआप पुन्हा सुरू होणारा नव्हता, त्यामुळे इंधनाचा दाब घसरला आणि जनरेटर थांबले.

या इतिहासाच्या दृष्टीने तपासातली आणखी एक नोंद महत्त्वाची आहे. जहाजावर दुसरे रोहित्र हजर होते. पहिल्यावरून दुसऱ्यावर आपोआप जाण्याची सोयही होती. पण ती व्यवस्था ‘हस्तचालित’वर ठेवलेली होती. ती ‘स्वयंचलित’वर असती तर काही सेकंदांत वीज परतली असती. ‘टायटॅनिक’वर स्वयंचलित व्यवस्था नव्हती, म्हणून माणसे खाली थांबली. 112 वर्षांनंतर ती होती, पण तिच्याकडे काम सोपवलेले नव्हते. बंदरासारख्या अरुंद जागेत सेकंदांचा हिशोब अंतरात मोडावा लागतो, आणि ते अंतर त्या रात्री उरले नाही. त्या जहाजावरील भारतीय खलाशी जहाज मोकळे होईपर्यंत, म्हणजे 20 मेपर्यंत, पुलाच्या सांगाड्याखाली अडकलेल्या जहाजावरच राहिले.

भारताचा प्रश्न: 50 आणि 60

धक्क्याला लागलेले जहाज आपले जनरेटर चालवत राहिले तर त्याचा धूर बंदराच्या शहरावर पसरतो. किनाऱ्याची वीज घेतली तर तो थांबतो. वाफेच्या काळी जहाज धक्क्याला लागले की लोखंडी इंजिने थंड पडत. त्यावरूनच या पद्धतीला इंग्रजीत ‘कोल्ड आयर्निंग’ हे नाव पडले असे सांगतात. स्वीडनच्या गोथेनबर्ग बंदराने 2000 साली मालवाहू जहाजांना उच्च दाबाची किनारी वीज दिली, अलास्कातील जुनो बंदराने 2001 मध्ये प्रवासी जहाजांना. 2012 मध्ये त्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक निघाले. भारतात मे 2023 मध्ये केंद्रीय बंदरे, नौवहन व जलमार्ग मंत्रालयाने ‘हरित सागर’ ही हरित बंदरांची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली; जहाजांना किनाऱ्यावरून वीज पुरवणे हा तिच्यातील एक भाग आहे.

येथे एक तांत्रिक अडचण आहे. भारताचे राष्ट्रीय जाळे 50 हर्ट्‌झवर चालते. जगातील बहुसंख्य मोठी व्यापारी जहाजे 60 हर्ट्‌झवर चालतात. 60 साठी बनवलेली मोटार 50 वर चालवली तर तिचा वेग एक षष्ठांशाने घटतो आणि व्होल्टेज त्या प्रमाणात कमी केले नाही तर ती तापू लागते. म्हणून धक्क्यावर केवळ केबल टाकून भागत नाही. वारंवारता बदलणारी मोठी यंत्रणा बसवावी लागते. त्यानंतर खरा चेंजओव्हर येतो. शीतपेट्या थांबू नयेत म्हणून मोठी जहाजे काही क्षण किनारा आणि जनरेटर दोन्ही एकत्र जोडतात, भार हळूहळू एकीकडून दुसरीकडे सरकवतात आणि मगच जुना स्रोत सोडतात. बाराच्या आकड्याजवळ येणारा तो काटा आता इलेक्ट्रॉनिक यंत्राच्या पोटात फिरतो, पण अटी त्याच आहेत.

युद्धनौकांवर हे शास्त्र सर्वाधिक कसाला लागते, कारण तेथे एखादा स्रोत शत्रूच्या माऱ्याने नष्ट होईल हे गृहीतच धरलेले असते. 2 सप्टेंबर 2022 रोजी नौदलात दाखल झालेली ‘विक्रांत’ कोचीनच्या जहाजबांधणी कारखान्यात तयार झाली. तिच्यात सुमारे 2,500 किलोमीटर लांबीच्या विद्युत तारा आहेत. एवढे जाळे अनेक जनरेटरांमध्ये वाटून, त्यातील कोणताही भाग निकामी झाला तरी दुसऱ्या वाटेने वीज फिरवणे, ही देशातील अभियंत्यांनी साधलेली मोठी गोष्ट आहे.

त्याच कारखान्याने कोचीच्या जलमेट्रोच्या बोटी बांधल्या. 25 एप्रिल 2023 रोजी या सेवेचे उद्‌घाटन झाले. शंभर प्रवाशांच्या या बोटी बॅटरीवर धावतात, थांब्यावर प्रवासी चढ-उतार करीत असताना चार्ज होतात आणि गरज पडल्यास डिझेल जनरेटरचा आधार घेतात. त्याआधी जानेवारी 2017 मध्ये केरळातच वैक्कम ते तवणक्कडवु या मार्गावर 75 प्रवाशांची ‘आदित्य’ ही सौर बोट सुरू झाली होती. तिच्यात सूर्य, बॅटरी आणि किनारा असे तीन स्रोत आहेत. या बोटींचा प्रवासी कोणता स्रोत केव्हा बदलला हे जाणत नाही, आणि जाणण्याची वेळ त्याच्यावर येऊ नये यातच त्या यंत्रणेचे यश आहे.

माणसाची जागा

या इतिहासात माणूस बाजूला पडलेला नाही. त्याचे काम बदलले आहे. 1927 मध्ये मुंबईत ‘डफरिन’ हे प्रशिक्षण जहाज सुरू झाले, आणि 1949 पासून कोलकाता व मुंबई येथे सागरी अभियंत्यांचे पद्धतशीर शिक्षण होऊ लागले. तेव्हा विजेचे काम हे अभियंत्याच्या अनेक कामांपैकी एक होते. 2010 मध्ये मनिला येथे झालेल्या दुरुस्त्यांनी जहाजावरील विद्युत-तांत्रिक अधिकाऱ्यासाठी जगभर समान पात्रता ठरवली. जगातील जहाजांवर काम करणाऱ्यांत भारतीयांची संख्या मोठी आहे, त्यामुळे या अधिकाऱ्यांतही अनेक भारतीय आहेत. स्विच आपोआप पडेल हे पाहणे, तो ‘स्वयंचलित’वर आहे याची निघण्यापूर्वी खात्री करणे, तारेचे टोक जोडणीत पूर्ण शिरले आहे ना हे तपासणे, आपत्कालीन जनरेटर दर आठवड्याला चालवून बघणे, ही आता त्यांची कामे आहेत.

ही कामे कंटाळवाणी आहेत. ती नीट झाली तर कोणाच्या लक्षातही येत नाहीत. पण बाल्टिमोरच्या पुलावर रात्रपाळी करणारे सहा जण घरी परतले असते की नाही, हे एका तारेच्या टोकावर आणि एका स्विचच्या स्थितीवर अवलंबून होते. भारताच्या बंदरांत येत्या काळात किनारी विजेच्या जाड केबली जहाजांना जोडल्या जातील, नद्यांवर बॅटरीच्या बोटी वाढतील, आणि स्रोत बदलण्याचे क्षण आजच्यापेक्षा कितीतरी अधिक वेळा येतील. त्या क्षणांसाठीचे नियम आणि यंत्रे उपलब्ध आहेत. त्यांची निगा राखणारी माणसे घडवणे हे देशापुढचे पुढील काम आहे.